पावसात कोकणातून डोंगर चढायचाय? आधी पऱ्या बघा

दरवर्षी जून लागला की मुंबई-पुण्याकडचे मित्र, मित्रांचे मित्र फोन करायला लागतात की धुक्यातला एखादा ट्रेक सांग ना, तुमच्या खेड-चिपळूणकडचा, जिथं गर्दी नसेल. सांगायला काय, जागा खंडीभर आहेत. पण जागेचं नाव सांगून भागत नाही. कोकणाच्या बाजूनं सह्याद्री चढणं हे घाटावरनं गडावर जाण्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे आणि तो फरक डोक्यात नसला की माणसं फसतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

फरक असा की घाटमाथ्यावरचं पायथ्याचं गाव बऱ्याचदा सहा-सातशे मीटरवरच बसलेलं असतं, तिथनं वर दोन-तीनशे मीटर चढलं की झाला गड. आपण मात्र जवळपास समुद्राच्या पातळीवरनं निघतो. सगळी चढाई पायांनीच करायची, ती पण दमट हवेत, जिथं पाऊस थांबला तरी घामानं भिजायला होतं. दुसरं म्हणजे पाणी. अरबी समुद्रावरनं आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि आपल्याच अंगणात रिकामे होतात. तुम्ही ज्याला धुकं म्हणता तो मुळात ढगच, खेडातनं पूर्वेला बघितलं तर डोंगर अर्ध्यावर कापल्यासारखे दिसतात तो. आणि त्या ढगातलं सगळं पाणी ज्या ओढ्यांतनं खाली येतं त्याला आमच्याकडं पऱ्या म्हणतात, तळकोकणात व्हाळ. गावातनं डोंगराकडं जाताना असे दोन-चार पऱ्ये ओलांडल्याशिवाय चढ लागतच नाही.

लोक धुक्याला घाबरतात, पण अडकवणारा असतो तो हा पऱ्या. सकाळी सात वाजता घोट्याएवढ्या पाण्यातनं फोटो काढत गेलात, वर दुपारी दोन तास धो धो झाला, चारला परत आलात तर तिथं कमरेएवढं लाल पाणी. पलीकडं गाव दिसतंय, चुलीचा धूर दिसतोय, आणि जाता येत नाही. त्यामुळं पावसातला प्लॅन करताना वर काय बघायचं हे नंतर ठरवा. पहिला प्रश्न हा की वाटेत किती पऱ्ये आहेत, कुठल्यावर साकव म्हणजे छोटा पूल आहे, आणि पाणी वाढलं तर लांबचा पण पुलावरचा रस्ता कुठला. हे मॅपवर कळत नाही, गावातच विचारावं लागतं.

आता कधी जायचं. जुलै-ऑगस्ट हे दोन महिने पावसाचे राजे, हिरवं बघायचं तर तेव्हाच, पण तेव्हा फक्त सोप्या आणि खालच्या वाटा घ्या. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा माझ्या मते सगळ्यात भारी काळ, सकाळी धुकं असतं, सोनकी-तेरडा फुललेला असतो, पऱ्ये उतरलेले असतात. फक्त एक लक्षात ठेवा, विजांचा खेळ मे-जूनच्या सुरुवातीला आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर जास्त असतो, भर जुलैत सलग पाऊस असतो पण वीज कमी. म्हणजे ऑक्टोबरात ऊन बघून खुश होऊन दुपारी तीनला उघड्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, बसून डबा खायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली तर दाखवतं, टाकून ठेवा.

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत असतात पण आकडे कोणी बघत नाही. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. आमच्याकडं जुलैत पहिल्या प्रकारचा पाऊस नेहमीचाच, लोक त्यात लावणी करतात. माझा नियम सोपा आहे: यलो असेल तर खालच्या, गाडीरस्त्याजवळच्या जागा, ऑरेंज असेल तर घरी भजी, रेड असेल तर विषयच नाही. आणि फक्त त्या दिवसाचा अंदाज बघू नका, आधीचे तीन-चार दिवस किती पडलाय ते बघा. डोंगर आधीच पिऊन टम्म झालेला असेल तर थोड्या पावसानंही माती सुटते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली, त्याच्या आधी सलग पाऊस चाललेलाच होता. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली ती पण अशाच सलग पावसात. त्यामुळं चालताना जमिनीत ताजी भेग दिसली, झाडं एका बाजूला कललेली दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, किंवा पाऊस चालू असताना पऱ्याचं पाणी एकदम कमी झालं, तर तिथं थांबायचं नाही. पाणी कमी झालं म्हणून खुश होतात लोक, पण वर कुठंतरी माती-झाडांनी ते अडवलेलं असू शकतं आणि ते फुटलं की सगळं एकदम येतं.

जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधबे, किल्ले यांच्यावर बंदीचे आदेश काढतात, निघायच्या आदल्या दिवशी ते बघून घ्या, नायतर नाक्यावर पोलीस परत पाठवतील आणि ते बरोबरच आहे. कोयना-चांदोलीचा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथं वनखात्याची परवानगी लागते. त्यातला वासोटा किल्ला तर पावसाळ्यात बंदच असतो, चोरवण्याकडनं नागेश्वरमार्गे गुपचूप जाऊ असं कोणी सुचवलं तर त्याच्याबरोबर जाऊ नका. शृंगारपूरवरनं प्रचितगडाला पण पावसात नको, त्या शिडीची आणि आधीच्या चढाची मजा डिसेंबरात घ्या.

मग जायचं कुठं. पहिल्यांदाच येत असाल तर रसाळगड. खेडहून निमणी गावाकडं जायचं, तिथनं चढ फार नाही, वाट रुळलेली, वर झोलाई देवीचं देऊळ आहे, टाकी आहेत, भरपूर तोफा पडलेल्या आहेत आणि धुकं सरकलं की समोर जगबुडीचं खोरं उघडतं. कुटुंब घेऊन, आठ-दहा वर्षांची पोरं घेऊन पण होतो. त्याच रांगेत पुढं सुमारगड आणि महिपतगड. तिन्ही मिळून दोन-तीन दिवसांचा ट्रेक लोक करतात पण तो दिवाळीनंतरचा. सुमारगड पावसात नकोच, रान दाट, कातळटप्पा ओला, वाट मोडलेली. महिपतगडाला दहिवलीकडनं बेलदारवाडीमार्गे जाता येतं, सप्टेंबरअखेर वाटाड्या घेऊन मस्त होतो, वर पारेश्वराच्या देवळात मुक्काम करता येतो.

महिपतगडाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण धुक्याचं गणित तिथं नीट समजतं. लोकांना वाटतं चुकायला होतं ते चढताना. चढताना सहसा नाही चुकत, एका बाजूला डोंगर एका बाजूला दरी, जाणार कुठं. चुकायला होतं ते माथ्यावर, जिथं सगळं सपाट. महिपतगडाचा माथा चिक्कार मोठा आहे, सहा दरवाजे, सगळीकडं रान आणि गवत, आणि दहा फुटांवरचं दिसत नसताना आपण ज्या दरवाजानं आलो तो सोडून दुसऱ्याच बाजूच्या उतारावर माणूस लागतो. उतार लागला की बरं वाटतं, चला उतरायला लागलो. तासाभरानं कळतं की आपण भलत्याच खोऱ्यात चाललोय. म्हणून माथ्यावर पाय ठेवला की तिथंच वळून मागं बघायचं, मोबाईलवर फोटो काढायचा, परतताना वाट कशी दिसेल त्याचा. जीपीएस ट्रॅक गावापासूनच चालू ठेवायचा. दगडावर दगड रचलेले असतील ते मोजत जायचं. बाणांच्या खुणांवर फार भरवसा नको, कोणीतरी हौशी माणसानं भलतीकडचे पण मारलेले असतात.

ढोरवाट आणि पायवाट यातला फरक डोळ्याला शिकवा. ढोरवाट रुंद असते, पन्नास पावलांवर तिला चार फाटे फुटतात, मग गवतात विरते, फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या येतात कारण गुरांना त्याचं काही नसतं. माणसांची वाट अरुंद असली तरी डोक्यापर्यंत मोकळी असते, कोयत्यानं तोडलेल्या फांद्यांचे बुडखे दिसतात, अवघड जागी दगडांची पाखाडी म्हणजे पायऱ्या असतात. वाट संपली असं वाटलं तर पुढं रेटायचं नाही, शेवटची नक्की खूण होती तिथवर परत यायचं. आणि पाण्याच्या मागनं खाली गेलं की गाव लागतंच असा एक सल्ला सगळीकडं फिरत असतो, तो सह्याद्रीत कृपया विसरा. आपल्याकडं नाळेतनं, घळीतनं उतरणारं पाणी हमखास एखाद्या कड्यावर जाऊन संपतं, वरनं दिसत नाही, आवाजानं थोडं कळतं, आणि खाली ऐंशी-शंभर फूट मोकळं असतं. धुक्यात हरवलात तर एका जागी एकत्र थांबा, शिट्टी वाजवा, एका मिनिटात सहा वेळा आणि मग मिनिटभर थांबून परत. ओरडून घसा बसतो, शिट्टी लांब जाते. ढग मधेच थोडा सरकला तर तेवढ्यात दिशा घ्यायची.

पऱ्या ओलांडायचा कसा ते पण सांगतो. गुडघ्यापर्यंतचं पाणी वेगात असेल तर उभ्या माणसाला पाडतं, त्यामुळं गुडघा ही हद्द. सगळ्यात अरुंद जागा बघून लोक उडी मारतात, तिथंच पाणी खोल आणि जोरात असतं. रुंद, पसरट, खडेवाली जागा शोधा. बूट घालूनच उतरा, अनवाणी नको. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येईल. तोंड वरच्या अंगाला, हातात काठी, दोन-तीन जण एकमेकांचे खांदे धरून तिरके तिरके. दोरी कमरेला बांधून कोणी उतरायचं नाही, पाण्यात दोरी अडकली की माणूस खाली दाबला जातो. पाणी लाल झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की वर पाऊस वाढलाय, तिथंच थांबा. चांगली गोष्ट ही की हे पऱ्ये छोटे आणि उतारावरचे असल्यामुळं पाऊस थांबला की दोन-तीन तासांत उतरतात पण. म्हणजे अडकलात तर उंचावर, उघड्या कड्यापासून आणि झाडाच्या कुजक्या फांद्यांपासून लांब बसून वाट बघायची, एवढंच काम. त्यासाठी सॅकमध्ये एक वेळचं जास्त खाणं आणि कोरडे कपडे पाहिजेतच.

वेळ अशी धरा की साडेसहाला चालायला लागायचं आणि साडेबारा वाजले की जिथं असाल तिथनं परत, माथा दहा मिनिटांवर असला तरी. ढगात रान लवकर काळोखतं, पंचांगातला सूर्यास्त सव्वासातचा असला तरी झाडीत सहालाच बॅटरी लागते.

सामानाचं जास्त बोलत नाही. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि अंगाला चिकटते. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्यानं उडतं, त्यापेक्षा आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सगळं भरा, हा खरा उपाय. छत्री गावात आणि रानात सगळ्यात भारी, धारेवर मात्र उलटी होणार. बुटाला खोल खाचांचा रबरी तळ हवा, गुळगुळीत स्पोर्ट्स शूज शेवाळावर बर्फासारखे घसरतात. शेवाळलेल्या कातळापेक्षा गवताच्या कडेनं चाला, आणि ओल्या मुळावर पाय देऊ नका. वारा आणि ओले कपडे मिळून जुलैत पण माणूस थंडीनं गारठतो, दात वाजायला लागले, बोलणं अडखळायला लागलं की आधी आडोसा, मग कोरडे कपडे, मग गोड चहा.

जळवा लागणारच, आंबोलीकडं आणि दाट रानात जास्त. मोज्यांना तंबाखूचं पाणी नायतर मीठ लावून ठेवा, लागली तर नखानं बाजूनं सरकवून काढा, थोडा वेळ रक्त येत राहतं कारण ती रक्त गोठू देत नाही, घाबरायचं काही नाही. साप हा गंभीर विषय आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर, दगडाखाली, सड्यावर म्हणजे उघड्या कातळपठारावर, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या फटीत. छोटं असतं म्हणून दुर्लक्ष नको, नाग, मण्यार, घोणस यांच्या पंगतीतलंच ते. हिरवा चापडा झुडपावर डोळ्याच्या उंचीला असतो, म्हणून आधारासाठी फांदी धरताना बघून धरा. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही, हातपाय हलू न देता फळी-काठी लावून माणसाला उचलून खाली आणायचं आणि सरकारी दवाखान्यात न्यायचं. खेड भागात कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय हायवेवरच आहे. १०८ ला फोन रेंज मिळेल तिथनं लगेच करा, गाडी गावापर्यंत येईपर्यंत तुम्ही पण उतरलेले असाल. भगताकडं नेऊया असं म्हणणारा कोणी भेटला तर हात जोडून पुढं निघा.

आता वाटाड्या. पावसात वाटाड्याशिवाय वरच्या वाटा करू नका असं मी सांगतो, पण तो मिळेलच असं नाही, कारण जुलैत लावणी असते आणि सगळं गाव चिखलात. ऐनवेळी जाऊन कोणाला शेतातनं उठवू नका. आधी फोन करून, ओळख काढून ठरवा, दिवसाची मजुरी बुडते त्यापेक्षा थोडे जास्तच पैसे द्या आणि आधी बोलून घ्या. गावात शिरताना थेट गडाची वाट कुठं असं नाही विचारायचं. पडवीत कोणी आजोबा बसलेले असतील तर राम राम घाला, कुठनं आलात ते सांगा, बसा म्हणाले तर बसा, चहा येईल, मग विचारा की बाबा, आज वर जाऊ का. ते डोंगराकडं एकदा बघतील. "आज नको जाव, पऱ्याला पानी येल" असं म्हणाले तर विषय संपला, तुमचं ॲप काहीही दाखवू दे. जेवणाचं आधी सांगितलं तर तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, एखादी टाकळ्याची भाजी मिळते, आणि तिचे पैसे वहिनींच्या हातात द्या. लावणी झालेल्या खाचरातनं चालायचं नाही, बांधावरनं चालायचं, आणि एकामागोमाग एक.

येणं-जाणं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, त्यामुळं नेहमीच्या वेळेवर भरवसा ठेवून परतीचं जोडू नका. मांडवी, कोकणकन्या खेडला थांबतात. पुढं एसटी. आतल्या गावांना दिवसाला दोन-तीन गाड्या, त्यातली संध्याकाळची मुक्कामी गाडी रात्री गावातच राहते आणि पहाटे परत सुटते, ती पकडली की सगळं जमतं. डेपोत विचारून घ्या, शाळेला सुट्टी असली की काही फेऱ्या रद्द होतात. गणपतीच्या आठवड्यात मात्र यायचं असेल तर पाहुणे म्हणून या, ट्रेकर म्हणून नको, कारण गाडीत उभं राहायला जागा नाही आणि कोणाला तुमच्याबरोबर डोंगरात यायला वेळ नाही.

हे सगळं वाचून नको वाटलं आणि फक्त ढगात चालायचंय असं असेल तर सरळ आंबोली गाठा. ६९० मीटरवर, सावंतवाडीहून एसटीनं तासाभराच्या आसपास, डांबरी रस्त्यावरनं चाललात तरी ढग अंगावर येतात. घाटातल्या मोठ्या धबधब्यावर शनिवार-रविवारी जत्रा असते ती टाळा, चौकुळच्या रस्त्याला जा, कावळेसादला वाऱ्यानं पाणी उलटं उडतं ते कठड्याच्या अलीकडनं बघा. तिथल्या कातळसड्यांवर पाण्याच्या उथळ डबक्यात बूट घालून नाचू नका, आंबोली टोड नावाचा बेडूक अशाच सड्यांवर अंडी घालतो आणि तो जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

घरी गेल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, तळ सुटतो. पायावरच्या खरचटलेल्या जागा साबणानं धुवा. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर नुसती क्रोसिन घेऊन ऑफिसला जाऊ नका, डॉक्टरला आपणहून सांगा की कोकणात पावसाच्या पाण्यातनं, चिखलातनं चाललो होतो. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असल्या पाण्या-चिखलातनं होणारा ताप, लवकर ओळखला तर साध्या औषधानं बरा होतो, पण शहरातल्या डॉक्टरला तुम्ही सांगितल्याशिवाय ते सुचेलच असं नाही.